हॉकीचा पहिला ग्लोव्ह कसा निवडायचा? नव्याने खेळणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी

पोरगं किंवा पोरगी हॉकीला जायला लागली की खर्चाची यादी ठरलेली असते, स्टिक, शिन गार्ड, माउथ गार्ड, टर्फचे शूज, आणि हे सगळं घेईपर्यंत बजेट संपलेलं असतं मग ग्लोव्हचं "बघू पुढच्या महिन्यात" होतं. माझं मत जरा वेगळं आहे. शिन गार्ड आणि माउथ गार्ड झाले की लगेच ग्लोव्ह घ्या, स्टिक थोडी साधी चालेल. कारण डाव्या हाताच्या बोटांची सालं एकदा निघाली किंवा बॉल एकदा सांध्यावर बसला की खेळाडू नकळत डावा हात वर ठेवून खेळायला लागतो, खाली बसून स्टिक आडवी टाकायला कचरतो, आणि ही सवय एकदा अंगात मुरली की कोच ओरडून ओरडून थकतात तरी जात नाही. ग्लोव्ह लागतो तो त्यासाठी, हात बिनधास्त खाली नेता यावा म्हणून. आणि त्यासाठी खूप पैसे लागत नाहीत हे मी अगदी खात्रीने सांगतो, बसणारा साधा ग्लोव्ह न बसणाऱ्या महागड्या ग्लोव्हपेक्षा कधीही बरा.

हे सगळं फील्ड हॉकीबद्दल आहे, म्हणजे आपली मैदानावरची, टर्फवरची हॉकी. गोलकीपरचे हँड प्रोटेक्टर हा पूर्ण वेगळा विषय आहे तो यात नाही.

सगळ्यात आधी: एकच ग्लोव्ह, आणि तो डावा

नवीन लोकांना इथेच पहिला धक्का बसतो. दुकानदार एकच ग्लोव्ह काढून देतो आणि आईबाबा विचारतात दुसरा कुठंय. दुसरा नसतोच. फील्ड हॉकीचे ग्लोव्ह बहुतेक सुटेच विकले जातात आणि बहुतेक जण फक्त डाव्या हातात घालतात.

कारण समजून घ्या म्हणजे पुढची सगळी निवड सोपी होईल. हॉकीत डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते, नियमात बसतच नाही, सगळ्यांची स्टिक एकसारखी, सपाट बाजू डावीकडे. त्यामुळे पोरगं वहीत डाव्या हाताने लिहित असलं तरी मैदानात त्याचा डावा हात स्टिकच्या वरच्या टोकालाच असणार आणि उजवा खाली मधे कुठेतरी. स्टिक फिरवायचं काम डाव्या हाताचं, उजवा हात नळीसारखा सैल, स्टिक त्याच्यात नुसती फिरते. आता बॉल अडवायला स्टिक जमिनीवर आडवी टाकली की वरचं टोक, म्हणजे डाव्या हाताची मूठ, थेट जमिनीला लागते. बोटांचे मधले सांधे आणि करंगळीची बाहेरची कड, घासतं ते इथेच. लो रिव्हर्स, म्हणजे स्टिक उलटी करून जमिनीलगत फटका, मारताना पण तेच, हात जमिनीच्या इतका जवळ जातो की टर्फला घासतोच.

आणि घासण्यापेक्षा मोठं काम बॉलचं. हॉकीचा बॉल 156 ते 163 ग्रॅमचा असतो, म्हणजे जवळपास लेदरच्या क्रिकेट बॉलएवढाच, आणि कडक प्लास्टिकचा. क्रिकेटमध्ये त्याच वजनाच्या बॉलसमोर आपण दोन्ही हातात जाडजूड ग्लोव्ह घालून उभे राहतो आणि हॉकीत पोरं उघड्या हातांनी टॅकल करतात, हे मला आजही बघवत नाही.

उजव्या हाताला नवीन असताना काही नको. उजवा हात स्टिकवर सारखा वरखाली सरकतो, तिथे ग्लोव्ह आला की सरकणं अडखळतं. पुढे कोणी डिफेंडर झाला, फ्लॅट स्टिक टॅकल, म्हणजे स्टिक आडवी टाकून बॉल काढून घेणं, जास्त करायला लागला तर उजव्याला एक पातळ ग्लोव्ह घालतात काही जण, तेव्हाचं तेव्हा.

आता ठरवा तुम्ही खेळता कुठे

ग्लोव्ह चांगला की वाईट हे नंतर, आधी मैदान बघायचं.

आपल्याकडे शाळांमधली बरीच हॉकी अजून मातीच्या, मुरुमाच्या ग्राउंडवर होते. मुरुमावर बॉल सरळ येत नाही, खड्ड्यातून उडतो आणि नेमका हातावर येतो, शिवाय खडे असतात त्यामुळे आडवी स्टिक टाकली की बोटं सोलून निघतात. अशा ग्राउंडवर बोटांच्या वर जाडसर फोम असलेला आणि कापड मजबूत असलेला ग्लोव्ह लागतो, तो दिसायला कसाही असू दे. नाजूक जाळीचा महागडा ग्लोव्ह मुरुमावर वापरला तर सीझनभरसुद्धा टिकत नाही, पैसे पाण्यात.

टर्फवर गोष्ट वेगळी. पिंपरीत नेहरूनगरचं मेजर ध्यानचंद स्टेडियम, बालेवाडी, मुंबईत चर्चगेटचं महिंद्रा स्टेडियम, कोल्हापूरचं मेजर ध्यानचंद स्टेडियम, गोव्यात म्हापशाला पेडे, अशा ठिकाणी खेळायची संधी मिळाली तर बॉल सपाट येतो पण वेगात येतो, आणि टर्फवर हात घासला तर भाजल्यासारखी आग होते. पाणी मारलेलं टर्फ असेल तर हात जरा सरकतो तरी, कोरडं किंवा वाळू घातलेलं टर्फ असेल तर कातडी सोलवटतेच. टर्फवर स्टिक फिरवायचं काम जास्त बारीक होतं, त्यामुळे तिथे तळव्याची बाजू पातळ असणं सगळ्यात महत्त्वाचं.

इनडोअर हॉकी खेळत असाल तर तिथे स्टिक सतत जमिनीला लागलेली, खेळाडू जवळजवळ बसल्यासारखाच खेळतो, हात कायम बॉलच्या उंचीवर. तिथे मात्र पूर्ण बोटांचा, वर कडक शेल म्हणजे प्लास्टिकचं कवच असलेला आणि अंगठा झाकणारा ग्लोव्हच हवा. इनडोअरला अर्ध्या बोटांचा ग्लोव्ह घालून पोराला उतरवू नका.

प्रकार किती, घ्यायचा कुठला

दुकानात साधारण हे दिसतील.

अर्ध्या बोटांचा आणि तळवा उघडा असलेला. वरच्या बाजूला फोम किंवा शेल, खाली बोटं अडकवायला नुसत्या पट्ट्या. हाताला स्टिकचा थेट स्पर्श राहतो, घाम कमी येतो, आणि पहिल्यांदा ग्लोव्ह घालणाऱ्याला याची सवय लवकर होते. नवीन खेळाडूला, टर्फवर खेळत असेल तर, मी हाच सांगतो. फक्त एक बघा, बोटांच्या पट्ट्या इलॅस्टिकच्या असतात त्या स्वस्त मालात पटकन सैल पडतात, तेव्हा तिथली शिलाई ओढून बघायची.

अर्ध्या बोटांचाच पण तळव्याला पातळ सिंथेटिक लेदर असलेला. ज्यांच्या तळव्याला फोड येतात त्यांच्यासाठी हा बरा. मुरुमावर खेळणाऱ्यांसाठी पण हाच, कारण खालचं कापड असल्यामुळे ग्लोव्ह हातावर घट्ट बसतो, फिरत नाही.

पूर्ण बोटांचा. बोटांची टोकं झाकली जातात, नखं वाचतात. संरक्षण जास्त पण लहान मुलांच्या हाताला बोटं बरोबर लांबीची मिळणं अवघड, एक तरी बोट लांब निघतं आणि मग टोकाला रिकामं कापड लोंबतं ते स्टिक आणि बोटाच्या मधे येतं. बरोबर मापाचा मिळाला तर घ्या, नाहीतर अर्ध्या बोटांचाच चांगला.

आणि चौथा, पेनल्टी कॉर्नरचा (यालाच शॉर्ट कॉर्नर म्हणतात, फाउलनंतर समोरच्या टीमला गोल मारायची मिळणारी खास संधी) मोठा जाड ग्लोव्ह. टीव्हीवर बघून पोरं हाच मागतात. भारताचा डिफेंडर अमित रोहिदास ड्रॅग फ्लिक (कॉर्नरला बॉल स्टिकने ओढत जोरात गोलकडे फेकणं) मारणाऱ्याच्या अंगावर धावत जातो ते बघितलं की कुणालाही वाटणारच, पण तो ग्लोव्ह फक्त शॉर्ट कॉर्नर वाचवतानाच घालायचा असतो, कॉर्नर झाला की लवकरात लवकर काढून ठेवावा लागतो, तो घालून पूर्ण मॅच खेळता येत नाही. ज्याला कोचने कॉर्नरला रनर, म्हणजे असा धावत जाणारा, म्हणून ठरवलंय त्यानेच त्याचा विचार करावा, आणि तोही बहुतेक वेळा टीमच्या किटमध्ये एक असला की सगळ्यांना पुरतो.

नियमाचं पण इथेच सांगून टाकतो. ग्लोव्हमुळे हाताचा नैसर्गिक आकार फार वाढता कामा नये असा एफआयएचचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचा, नियम आहे, आणि ग्लोव्ह 290 बाय 180 बाय 110 मिलिमीटरच्या खोक्यात आरामात बसायला हवा. साधे मैदानावरचे ग्लोव्ह यात सहज बसतात, त्याचं टेन्शन घेऊ नका, पण कुठूनतरी भलताच मोठा ग्लोव्ह आणला तर अंपायर काढायला लावू शकतो.

माप घ्यायची पद्धत

घरी कपड्याची टेप असेल ना, ती घ्या. डावा हात सरळ ठेवायचा, बोटं जुळवून, आणि अंगठा सोडून चारही बोटांच्या मुळाशी जे मोठे सांधे आहेत त्यांच्याभोवती टेप फिरवायची. हे झालं घेराचं माप. मग मनगटाची जी रेघ असते तिथपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत लांबी. टेप नसेल तर सुतळी गुंडाळून पट्टीवर मोजा, काम तेच.

ही दोन्ही मापं कागदावर लिहून दुकानात न्या किंवा ऑनलाइन चार्टशी जुळवा, पण एका कंपनीचा स्मॉल आणि दुसऱ्या कंपनीचा स्मॉल एक असेल असं अजिबात धरून चालू नका, प्रत्येकाचा चार्ट वेगळा. मागच्या वेळी एक्सएस घेतला होता म्हणून आता स्मॉल घेऊ, असं नाही, दर वेळी मोजायचं.

दोन साइजच्या मधे माप आलं तर काय? मोठ्यांनी लहान साइज घ्यावी, कारण वापरून ग्लोव्ह थोडा सैल होतोच. मुलांसाठी मोठी घ्यायचा मोह सगळ्या आईबाबांना होतो, "वाढत्या अंगाचा घेऊ" म्हणून, युनिफॉर्मसारखा. थोडा मोठा चालेल पण एक अट आहे, मूठ आवळल्यावर वरचा फोम सांध्यांच्या वरच राहिला पाहिजे. मोठ्या ग्लोव्हमध्ये फोमचे तुकडे सरकून सांध्यांच्या मधल्या खोलगट जागेत येतात, मग घातला काय न घातला काय सारखंच, बॉल नेमका उघड्या सांध्यावर बसणार.

स्टिक हातात घेतल्याशिवाय ग्लोव्ह घेऊ नका

हे सगळ्यात महत्त्वाचं म्हणून इथे जरा थांबून वाचा. दुकानात जाताना स्वतःची स्टिक घेऊन जा. लाजू नका, दुकानदाराला सवय असते. नुसता हात घालून, बोटं हलवून, "हो बसतोय" म्हणून ग्लोव्ह ठरत नाही, रिकाम्या हातात सगळेच ग्लोव्ह छान वाटतात.

ग्लोव्ह घाला, मनगटाची वेल्क्रो पट्टी लावा आणि डाव्या हाताने स्टिकचं वरचं टोक धरा. पहिलं बघायचं ते हे की मूठ पूर्ण बंद होते का, बोटं स्टिकभोवती पहिल्यासारखी गुंडाळली जातात का. मुठीत कुठे तरी गोळा झालेलं कापड लागत असेल तर तो ग्लोव्ह बाजूला ठेवा.

मग स्टिक फिरवा. फोरहँड, रिव्हर्स, फोरहँड, रिव्हर्स, इंडियन ड्रिबल (बॉल भराभर डावी-उजवीकडे नेणं) करताना करतो तसं, बॉल नसला तरी चालेल. मनगट मोकळं फिरतंय ना? काही ग्लोव्हचा मनगटाचा पट्टा एवढा रुंद आणि कडक असतो की रिव्हर्सला हात वळताना तो अडतो. स्टिक उलटी करताना ग्लोव्ह हातावरच फिरतोय, म्हणजे हात आत वळतो आणि ग्लोव्ह मागे राहतो, असं वाटलं तर तो सैल आहे. नवीन पोरांना हे कळत नाही, त्यांना वाटतं आपल्यालाच ड्रिबल जमत नाहीये. म्हणून आईबाबा असाल तर तुम्ही ग्लोव्हच्या शिवणीकडे बघत राहा, स्टिक फिरताना शिवण जागेवरून सरकली की समजायचं.

त्यानंतर एका हाताने स्टिक पुढे लांब करा, डाव्या हाताने जॅब टॅकल करतो, म्हणजे स्टिक पुढे खुपसून बॉल काढतो, तसं. पूर्ण वजन आता डाव्या मुठीवर आहे, तळवा घसरतोय का बघा. तळव्याला गुळगुळीत कापड असलेले काही ग्लोव्ह इथे नापास होतात, आणि घामाने ओले झाले की अजूनच घसरतात. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत खेळणाऱ्यांनी ही टेस्ट अजिबात सोडू नये.

शेवटी खाली बसा आणि दुकानाच्या फरशीवर स्टिक आडवी टाका. हाताचा जो भाग फरशीला लागतोय तिथे ग्लोव्हचा फोम आहे का, की नुसतं कापड? बऱ्याच स्वस्त ग्लोव्हमध्ये मोठ्या सांध्यांवर छान जाड फोम दिलेला असतो, बघायला भारी वाटतो, पण बोटांच्या मधल्या सांध्यांवर आणि करंगळीच्या कडेला काहीच नसतं, आणि घासतं तर तिथेच. करंगळीची बाहेरची बाजू मुद्दाम दाबून बघा.

फोम कसला आहे हे अंगठ्याने दाबून कळतं. स्पंजसारखा एकदम खाली बसणारा असेल तर फक्त घासण्यापासून वाचवेल, बॉलचा मार नाही अडवणार. दाबल्यावर हळू दबणारा, घट्ट फोम हवा. कडक शेल असेल तर त्याच्या आत पण फोमचा थर आहे ना बघा, नुसतं प्लास्टिक सांध्यावर टेकलेलं असेल तर बॉल लागल्यावर ते प्लास्टिकच टोचतं.

आणि अंगठा. अंगठ्यावर जाड काही असेल तर पकड बिघडते, काहीच नसेल तर इनडोअरला धोका. मैदानावरच्या हॉकीत पातळ पट्टी पुरते.

पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

भारतात हॉकीचं सामान बनतं ते मुख्यतः जालंधर आणि मेरठला. रक्षक, अल्फा, फ्लॅश ही जालंधरची नावं हॉकीवाल्यांना पाठ असतात. यांचे साधे ग्लोव्ह काही शे रुपयांत मिळतात आणि शाळा, क्लब पातळीवर खेळणाऱ्याला ते पुरेसे आहेत, हे मी मनापासून सांगतोय. ग्रेज, टीके, ओसाका, मर्सियन असल्या परदेशी ब्रँडचे ग्लोव्ह त्याच्या कितीतरी पट किमतीला जातात, त्यात फोमचा आकार हाताला जास्त छान वळवलेला असतो, वजन कमी असतं, हे खरं आहे, पण पहिल्या दोनेक वर्षांत तो फरक खेळात दिसत नाही. सातारा-फलटणकडून वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ अशा मुली थेट भारताच्या संघापर्यंत गेल्या, आपल्याकडची बहुतेक चांगली पोरं-पोरी साध्या घरातूनच येतात, त्यामुळे महागडं किट नाही म्हणून कुणी मागे पडतं असं पोरांच्या डोक्यात भरवू नका.

पैसे द्यायचे असतील तर या तीन गोष्टींना द्या: घट्ट फोम, दुहेरी शिलाई, चांगली वेल्क्रो. रंग, लोगो, नावाची एम्ब्रॉयडरी याला एक रुपया जास्त नको.

मुंबईकरांनी धोबीतलावला चक्कर मारावी, खेळाच्या सामानाची दुकानं एका ओळीत आहेत, चार दुकानांत हात घालून बघता येतो आणि भावही बोलता येतो. बाकी शहरांत हॉकीचं सामान ठेवणारी दुकानं कमी, जिथे क्रिकेट-बॅडमिंटनच जास्त चालतं तिथे मागितल्यावर एखादा ग्लोव्ह माळ्यावरून काढून देतात, तो वर्षानुवर्षं पडून असेल तर फोम कडक झालेला, वाळलेला असतो, वाकवून बघा, बारीक तडे दिसले तर नको.

सगळ्यात स्वस्त पडतो तो टीमने मिळून मागवलेला माल. नेहरू कपच्या शालेय स्पर्धांच्या आधी बऱ्याच शाळांचे कोच जालंधरहून एकत्र ऑर्डर देतात, त्यात तुमचं नाव घालायला सांगा. फक्त एक विनंती, कोचना साइज मोजून द्या. नाहीतर सगळ्यांना मीडियम येतो आणि पंधरा वर्षांखालच्या अर्ध्या टीमच्या हातात तो ढगळ होतो.

जुना ग्लोव्ह घ्यायला पण काही हरकत नाही, मुलांचे हात भराभर वाढतात त्यामुळे सीनियर पोरांकडे लहान झालेले ग्लोव्ह पडून असतात. फोम दाबून बघा, वेल्क्रो धरतेय का बघा, धुवून वाळवून वापरा.

ऑनलाइन मागवताना

मापाचं वर सांगितलंच. त्याशिवाय, सर्चमध्ये नुसतं हॉकी ग्लोव्ह टाकलं तर पहिल्यांदा आइस हॉकीचे ग्लोव्ह येतात. मोठे, फुगलेले, मनगटाच्या वरपर्यंत येणारे, आणि जोडीने विकलेले. ते बर्फावरच्या खेळाचे आहेत, आपल्या उपयोगाचे नाहीत, म्हणून फील्ड हॉकी असं लिहूनच शोधा. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांनी, अमेरिका-कॅनडात, हे जास्तच लक्षात ठेवावं कारण तिथे दुकानात हॉकी म्हटलं की आइस हॉकीच समजतात.

मग डावा की उजवा हे दोनदा वाचा. काही ठिकाणी उजव्याचाही पर्याय असतो आणि घाईत तोच क्लिक होतो. फोटो तळव्याच्या बाजूचा आहे का बघा, फक्त वरची बाजू दाखवली असेल तर तळवा उघडा आहे की झाकलेला हे कळत नाही. आणि परत करायची सोय नसेल तर मागवू नका, एवढं साधं.

दुसऱ्या खेळाचे ग्लोव्ह चालतील का

हा प्रश्न नेहमी येतो, घरात क्रिकेटचे पडलेले असतात ना. बॅटिंग ग्लोव्हच्या बोटांवरचे रोल इतके जाड असतात की हॉकी स्टिक त्यात फिरवता येत नाही, मूठच बंद होत नाही नीट. जिमचे ग्लोव्ह तर उलटेच, त्यांचा गादीसारखा भाग तळव्याला आणि वरची बाजू मोकळी, आपल्याला बरोबर त्याच्या उलट हवं. सायकलिंगचे पण तसेच. विकेटकीपिंगचे आतले पातळ ग्लोव्ह फोड येऊ नयेत म्हणून चार दिवस चालतील, मार लागण्यापासून काही वाचवणार नाहीत. फुटबॉल गोलीचे नकोतच. ग्लोव्ह येईपर्यंतची सोय म्हणून मधल्या सांध्यांना कापडी चिकटपट्टी गुंडाळणं त्यातल्या त्यात बरं, पण मॅचमध्ये त्याच्या भरवशावर राहू नका.

घरी आणल्यावर

नवा ग्लोव्ह पहिल्यांदा थेट मॅचला घालायचा नाही. घरी टीव्ही बघताना घालून बसा, मूठ उघडझाप करा, मग प्रॅक्टिसला वॉर्मअप आणि पासिंगपुरता, आणि मग पूर्ण सेशन. पहिले काही दिवस बॉल कंट्रोल बिघडल्यासारखा वाटतो, तो ग्लोव्ह चुकीचा म्हणून नव्हे, हाताला नवीन म्हणून. पोरं इथेच काढून टाकतात आणि किट बॅगेत कोंबतात, तेवढं होऊ देऊ नका.

तरीही पकड जाड वाटत असेल तर स्टिकची ग्रिप बघा. बरेच जण मूळ ग्रिपवर आणखी एक ग्रिप चढवतात, उघड्या हाताला ते बरं वाटतं, पण ग्लोव्ह आल्यावर मूठ भरून जाते. वरची ग्रिप काढून टाका किंवा पातळ बसवा. उलटं, उघड्या तळव्याचा ग्लोव्ह असेल तर जाड ग्रिप राहू दे. ग्लोव्ह आणि ग्रिप हे एकत्रच ठरवायचं असतं, हे दुकानात कुणी सांगत नाही.

अंगठी, धातूचं कडं काढूनच ग्लोव्ह घालायचा. बोटाला मार लागून सूज आली आणि आत अंगठी असेल तर ती कापून काढायची वेळ येते. आणि ग्लोव्ह असूनही जोरात बॉल लागला, बोट सुजलं, मूठ वळत नाही, बोट तिरकं दिसतंय, तर बर्फ लावून डॉक्टरकडे जा आणि एक्सरे काढा, "मुका मार आहे" म्हणून दुसऱ्या दिवशी खेळायला पाठवू नका.

धुणं, वाळवणं, पावसाळा

ग्लोव्ह खराब होतो तो बॉलने कमी आणि बंद किट बॅगेत जास्त. घामाने भिजलेला ग्लोव्ह शूजबरोबर रात्रभर बॅगेत राहिला की वास तर येतोच, शिवाय तळव्याचं लेदर कडक होतं आणि फोमचा गोंद सुटतो. घरी आल्यावर पहिलं काम, बाहेर काढून वेल्क्रो उघडून ठेवायचा. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात थोडा शाम्पू किंवा अंगाचा साबण घालून हातानेच हलकं चोळायचं, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं आणि सावलीत पंख्याखाली. वॉशिंग मशीन, ब्लीच, कडक ऊन, हे नको. मुरुमावर खेळत असाल तर धुण्याआधी आतली माती झटकून काढा, ती आत राहिली की पॉलिश पेपरसारखी बोटं घासते.

आपल्याकडे शालेय स्पर्धा नेमक्या पावसाळ्यात येतात, ग्लोव्ह दोन दोन दिवस वाळत नाही. आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवा आणि तासा-दोन तासांनी बदला. बोळे भरताना बोटांपर्यंत नीट सरकवा, नाहीतर मधेच ओल राहते आणि बुरशी धरते. वेल्क्रोमध्ये अडकलेले दोरे, गवत जुन्या टूथब्रशने काढा, वेल्क्रो परत नव्यासारखी धरते. तरीही धरत नसेल तर ग्लोव्ह टाकू नका, गल्लीतला चांभार किंवा बॅग दुरुस्त करणारा नवी पट्टी शिवून देतो, अगदी थोड्या पैशात.

बदलायचा कधी

फोम दाबल्यावर परत वर येत नसेल, शेलला तडा गेला असेल, किंवा मूठ आवळल्यावर सांधे फोमच्या पुढे डोकावत असतील तर ग्लोव्ह संपला. मुलांच्या बाबतीत शेवटचं कारण सगळ्यात आधी येतं, म्हणून दर सीझनच्या सुरुवातीला स्टिकची उंची बघतो तेव्हाच मूठ आवळायला लावून ग्लोव्ह पण बघायचा. तळव्याला छोटं भोक पडलं तर घाबरायचं कारण नाही, चालतो, उलट काही जण मुद्दाम तळवा कापून टाकतात स्पर्श चांगला मिळावा म्हणून. करंगळीच्या कडेची शिलाई उसवली तर मात्र लगेच शिवून घ्या, जाड दोऱ्याने घरी शिवलं तरी चालतं, गाठ फक्त बाहेरच्या बाजूला मारा, आत आली तर बोटाला फोड येतो.